नंबर लावून पेशंट आलाच नाही, मग काय करायचं? छोट्या क्लिनिकसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला एका फॅमिली डॉक्टरांच्या क्लिनिकात मी 12 वर्षं काउंटर सांभाळतेय. नंबर देणं, केसपेपर काढणं, फोन घेणं, लॅबचे रिपोर्ट आले की लावून ठेवणं, सगळं. आसपासच्या क्लिनिकांतल्या मुली, नवीन दवाखाना टाकलेले डॉक्टर, कधी कधी पेशंटच्या घरचे पण हेच परत परत विचारतात, की नंबर लावून माणूस येत नाही तेव्हा तुम्ही काय करता. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीभोवती आहे: जो आला नाही तो पेशंट अजून आपलाच आहे, आणि बऱ्याचदा आलेल्यांपेक्षा त्याचीच काळजी जास्त करायला हवी.

अपॉइंटमेंट चुकली असं नेमकं कधी धरायचं?

आधी हे वेगळं करा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. फोन करून नंबर रद्द केला तो वेगळा, उशिरा आला तो वेगळा, आणि काहीच न कळवता आला नाही तो वेगळा. आम्ही रजिस्टरात र, उ, न अशी अक्षरं घालतो. आणि चौथं अक्षर आहे आ, म्हणजे आमच्यामुळे. डॉक्टर अचानक बाहेर गेले, नाहीतर पेशंट आला, दीड तास बाकड्यावर बसला आणि शेवटची बस चुकेल म्हणून न दाखवताच निघून गेला, तर ते आ. हे अक्षर लिहायला सुरुवातीला जीवावर येतं पण लिहा. आमच्याकडे लिहायला लागल्यावरच कळलं की संध्याकाळी सहानंतरचे बरेचसे न खरं तर आ होते, लोकांना माहीत झालं होतं की सहाचा नंबर म्हणजे साडेसात.

पण लोक येत का नाहीत? फुकट वेळ घालवतात आपला.

हे मी पण म्हणायचे. मग फोन करून विचारायला लागले तेव्हा एकेक कारण कळत गेलं आणि ती कारणं आपल्या गावातलीच असतात, आळस त्यात फार कमी.

बस हे मोठं कारण. सावई वेरे, केरी, शिरोडा, धारबांदोडा या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी यायचं तर बस कमी, पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसवत नाही, रिक्षा परवडत नाही. मुलगा घेऊन येणार असतो आणि मुलगा कुंडई नाहीतर बेतोड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शिफ्टवर. त्याची शिफ्ट ऐनवेळी बदलली की आईचा नंबर गेला. रोजंदारीवर काम करणारे, त्यातले कितीतरी बाहेरच्या राज्यांतून आलेले, त्यांची तर नुसतं दाखवायला यायचं म्हणून एका दिवसाची मजुरी जाते, सकाळी अकराचा नंबर त्यांना देणं म्हणजे येऊ नका असं सांगण्यासारखंच.

मग हंगाम. मार्च ते मे काजूचे दिवस, सकाळची माणसं डोंगरावर असतात, त्यांना सकाळचा नंबर देऊच नये. पावसाळा सुरू झाला की लावणी. जत्रांचं तर विचारूच नका.

पैसे हे कारण कोणी तोंडाने सांगत नाही. मागची फी थोडी राहिलीय, किंवा डॉक्टरांनी टेस्ट लिहून दिली ती केली नाही, आता रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून माणूस येत नाही. लाज वाटते. असंच गोळ्या मध्येच बंद केलेल्यांचं, ओरडा बसेल म्हणून टाळतात. आणि भीती. रिपोर्टमध्ये काय निघेल याची भीती असलेला माणूस दहा कारणं सांगेल पण खरं कारण सांगणार नाही.

आणखी एक, बरं वाटलं म्हणून न येणारे. तापाला ठीक आहे, पण बीपी आणि शुगरवाल्यांना बरं वाटतं ते गोळीमुळे, हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं.

न आलेल्याला फोन कधी करायचा?

सगळ्यांना एकाच वेळी नको, जमणार पण नाही. ओपीडी संपली की ज्यांच्यापुढे 'न' हे अक्षर आहे ती नावं डॉक्टरांसमोर ठेवायची, दोन मिनिटांचं काम आहे, डॉक्टर नावापुढे खूण करतात: आज, उद्या, की आठवड्यात. ही खूण डॉक्टरांनीच करायची. काउंटरवरच्या मुलीने स्वतः ठरवू नये की कोण महत्त्वाचा, मी हे अनुभवाने सांगतेय, खाली लिहिलंय ते वाचा.

कोणाला आधी फोन करायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. धारबांदोड्याकडचे एक काका, साठीच्या पुढचे, शुगर. पायाच्या बोटाला छोटी जखम, ड्रेसिंग केलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं. आले नाहीत. मी रजिस्टरात गैरहजर लिहिलं आणि पान उलटलं. फोन नंबर केसपेपरवर होता, मी केला नाही, मला वाटलं बरं झालं असेल. तिसऱ्या आठवड्यात मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा बोट काळं पडलेलं, तसंच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं, तिथे बोट काढावं लागलं. मी नंतर विचारलं की काका आला का नाहीत, तर म्हणाले दुखत नव्हतं ना बाय. शुगरने पायाची संवेदना गेलेली असते म्हणून दुखत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेले नाही.

तर ज्यांना त्याच दिवशी फोन जायलाच हवा ते असे. शुगर आणि पायाला जखम. रिपोर्ट खराब आलाय पण पेशंटला अजून सांगितलेलं नाही असे, बायोप्सीचा किंवा गाठीचा रिपोर्ट असेल तर इतर सगळी कामं बाजूला ठेवून. गरोदर बाई, त्यात बीपी वाढलेलं असेल तर जास्तच. रक्त पातळ करायच्या वॉरफेरीनसारख्या गोळ्या चालू आहेत आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ती टेस्ट) तपासायचा राहिलाय असे. नुकतंच ऑपरेशन झालेले, टाके काढायचे असलेले. डायलिसिसचा पेशंट डायलिसिसला गेला नाही असं कळलं तर ते तास मोजायचं प्रकरण आहे, थांबायचं नाही. आणि मनाच्या आजाराची औषधं चालू असलेले, खास करून मागच्या वेळी खूप उदास होते असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं असेल तर. अशा माणसाचा फोन लागला नाही तर घरच्या माणसाला करा.

टीबीचं वेगळं. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि माणूस यायचा थांबतो, मग जंतू औषधाला दाद देईनासा होतो. टीबीचा पेशंट खाजगी डॉक्टरांनीही सरकारला कळवायचा असतो, 2012 पासून तसा नियम आहे, आणि औषधं सरकारकडून फुकट मिळतात. तो यायचा थांबला तर आपल्या भागातल्या हेल्थ सेंटरला कळवा, तिथली माणसं घरी जाऊन बघतात, आपल्याला फोनवर जमत नाही ते त्यांना जमतं.

लहान मुलांच्या लसी चुकल्या, म्हणजे 6, 10, 14 आठवड्यांच्या, तर आईला एवढंच सांगा की पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेली लस पुढे घ्यायची. कितीतरी आया उशीर झाला आता डॉक्टर रागावतील म्हणून येतच नाहीत.

फोनवर बोलायचं काय?

पहिलं वाक्य कधीच "तुम्ही आला का नाहीत" हे नसावं. समोरचा लगेच सफाई द्यायला लागतो आणि खरं कारण तिथेच बुडतं. मी असं बोलते:

"काकी, क्लिनिकातून बोलतेय, बऱ्या आहात ना? आज तुमची वाट बघत होतो, म्हटलं फोन करून बघू."

मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं शिकावं लागतं. समोरून येतंच, की अगं नातवाला ताप होता, किंवा बस चुकली, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली टेस्ट केली नाही म्हणून. टेस्टचं सांगितलं की मी म्हणते टेस्ट नसली तरी या, डॉक्टर बघून सांगतील. पैशाचा अंदाज आला तर फीचा विषय मी काढत नाही, डॉक्टरांच्या कानावर घालते, पुढचं ते बघतात. फोन ठेवायच्या आधी नवीन दिवस तिथल्या तिथे ठरवायचा आणि तो त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा, "मग गुरुवारी किती वाजता येणार?" असं. त्यांनी स्वतः सांगितलेली वेळ त्यांच्या लक्षात राहते.

कोकणीत बोलणाऱ्याशी कोकणीत, हिंदीवाल्याशी हिंदीत. "कशे आसात?" एवढ्यानेच पेडण्याची आजी मोकळी होते.

रिमाइंडर कधी पाठवायचा आणि किती वेळा?

आमच्याकडे एक आदल्या दिवशी संध्याकाळी. महिन्यापेक्षा जास्त दिवसांनी असलेल्या फॉलोअपला आणखी एक तीन दिवस आधी, म्हणजे बदलायचं तर वेळ मिळतो. त्यापेक्षा जास्त पाठवले की लोक वाचायचे बंद होतात. व्हॉट्सॲपचं बिझनेसवालं फुकट ॲप छोट्या क्लिनिकाला पुरतं, त्यात तयार मेसेज साठवून ठेवता येतात आणि लेबल लावता येतात. एसएमएस एकदम सगळ्यांना पाठवायचा असेल तर आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणीच्या व्यवस्थेत, नाव आणि मेसेजचा मजकूर रजिस्टर करावा लागतो, ती भानगड छोट्यांनी नाही केली तरी चालतं.

साठीच्या वरच्यांना मेसेज नको, फोन. मेसेज नातू वाचतो आणि सांगायला विसरतो.

मेसेजमध्ये लिहायचं काय?

नाव, वार, तारीख, वेळ, आणि येता येत नसेल तर याच नंबरवर कळवा, बस. "उद्या सकाळी 10.30 ला तुमचा नंबर आहे, जमणार नसेल तर कळवा म्हणजे दुसऱ्या कोणाला देता येईल" यातला शेवटचा तुकडा कामाचा, लोकांना दुसऱ्याचं बरं झालेलं आवडतं आणि ते खरंच कळवतात. वार लिहाच, नुसती तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही.

आजार, टेस्टचं नाव, औषध, काहीही लिहू नका. फोन घरात चार जण बघतात. सून गरोदरपणाच्या तपासणीला येते हे सासूला अजून सांगितलेलं नसेल, मुलगा मनाच्या डॉक्टरांकडे जातो हे शेजाऱ्यांना कळायला नको असेल. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहेच, आणि आता 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा पण आहे. फोन दुसऱ्याने उचलला तर "क्लिनिकातून फोन होता, परत करायला सांगा" एवढंच. आणि कोणाला फोन करायचा, कोणाला अजिबात करायचा नाही, हे पहिल्या भेटीतच विचारून केसपेपरवर लिहून घ्या, मी नवीन पेशंटला दोन नंबर मागते, स्वतःचा आणि एका जवळच्याचा. मुलगा शिपवर नाहीतर गल्फमध्ये असेल तर त्याचा नंबर काय कामाचा, इथे गावात असलेल्या कोणाचा तरी घ्या.

न आलेल्याकडून पैसे घ्यावेत का?

माझं मत स्पष्ट आहे, फॅमिली क्लिनिकात नाही. ज्याची मजुरी बुडते म्हणून तो आला नाही त्याला दंड लावला तर तो पुढच्या वेळी आजार अंगावर काढेल आणि थेट कॅज्युअल्टीत दिसेल.

पण दाताचं रूट कॅनॉल, एंडोस्कोपी, तासभराचं फिजिओ, जिथे एका माणसासाठी खुर्ची आणि मशीन अडकून राहते, तिथे थोडा ॲडव्हान्स घेणं मला चुकीचं वाटत नाही. मात्र आधी सांगायचं, पावती द्यायची, बिलातून वजा करायचा, आणि किती तास आधी कळवलं तर परत मिळेल ते भिंतीवर मराठी, कोकणी, इंग्रजीत लावायचं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय, तेव्हा न सांगता पैसे कापून घेणं अंगाशी येऊ शकतं. घरात मयत झाली, हॉस्पिटलात ॲडमिट केलं, अशा वेळी पैसे परत द्यायचे, पुरावा मागायचा नाही.

उशिरा आलेल्याला परत पाठवायचं का?

नाही. पंधरा मिनिटांपर्यंत त्याचाच नंबर, त्यानंतर दोन-तीन जण झाल्यावर मध्ये घ्यायचं, आणि ते त्याला आल्या आल्या सांगायचं. वेळेवर आलेल्यांनाही सांगा, नाहीतर बाकड्यावर कुजबुज सुरू होते. छातीत दुखतंय, दम लागतोय असं काही असेल तर नंबर वगैरे काही नाही, सरळ आत, आणि गरज पडली तर 108.

येणार नाहीत म्हणून जास्तीचे नंबर देऊन ठेवावेत का?

एकाच वेळेला दोघांना नंबर देणं मला पटत नाही, दोघेही आले की दोघांनाही फसवल्यासारखं होतं. समजा दिवसाला 30 नंबर देता आणि साधारण 4 जण येत नाहीत. तर नंबर 28 द्या, दोन जागा मोकळ्या ठेवा, आणि नंबर न लावता येणारे जे असतातच, तापाचं पोर घेऊन आलेली आई वगैरे, त्यांना गैरहजरांच्या जागी घ्या. शिवाय एक वही ठेवा, लवकर नंबर हवाय असं सांगणाऱ्यांची, कोणी रद्द केलं की त्यांना फोन.

चवथीच्या आणि जत्रांच्या दिवसांत काय करता?

कॅलेंडर घेऊन बसते. चवथीच्या आदल्या आठवड्यात माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) बाजारात असलेल्या माणसाला फॉलोअपचा नंबर देऊ नये, आणि चवथीला अर्धा गोवा मूळ घरी गेलेला असतो. कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे पाच, कोणाकडे अकरा, म्हणून मी सरळ विचारते तुमचा गणपती किती दिवसांचा, आणि त्यानंतरची तारीख देते. गोळ्या तोपर्यंत पुरतील एवढ्या आधीच लिहून घ्यायच्या डॉक्टरांकडून, हे महत्त्वाचं. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला डिचोलीकडचे धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरणारे भक्त, व्रतात असतात, त्यात कोणी शुगरचा असेल तर त्याला व्रताच्या आधी बोलावून घ्या. नाताळ, शिगमो, तसंच. म्हापशात क्लिनिक असेल तर शुक्रवारचा बाजार उलट फायद्याचा, लांबचे लोक त्या दिवशी येतातच, त्यांना शुक्रवारच द्या.

येता येत नसेल तर फोनवरच दाखवलं तर?

काही गोष्टींना चालतं. टेलिमेडिसिनचे नियम मार्च 2020 मध्ये आले, त्यांत फोन, व्हिडिओ, मेसेज तिन्ही धरलंय. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलेलं असेल तर तो फॉलोअप धरला जातो. बीपीच्या घरच्या नोंदी, थायरॉइडचा रिपोर्ट, अशा गोष्टींसाठी एखाद्या आजीला केरीहून दोन बसा बदलून आणायची गरज नसते. जखम, गाठ, पोटात दुखणं, छातीत दुखणं यांना समोरच यायला हवं. फोनवर बोललेलंही केसपेपरवर लिहायचं, नाहीतर पुढच्या भेटीत डॉक्टरांना काहीच आठवत नाही.

सारखा सारखा चुकवणारा असेल तर त्याला बंद करून टाकता येतं का?

एकदम नाही. 2002 च्या आचारसंहितेत आहे की डॉक्टरांनी एकदा पेशंट हातात घेतला की त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही, आणि सोडायचा झाला तर पेशंटला आणि घरच्यांना पुरेशी आधी कल्पना द्यायची. म्हणजे डॉक्टरांनी स्वतः बोलायचं, लेखी द्यायचं, दुसरीकडे जायला वेळ द्यायचा, चालू औषधांचा कागद हातात द्यायचा. कागदपत्रं मागितली तर 72 तासांत द्यावी लागतात. इमर्जन्सीत तर नाही म्हणायचंच नाही.

पण तिथपर्यंत जायच्या आधी वेळ बदलून बघा. एक ड्रायव्हर सहा वेळा चुकला, आम्ही कंटाळलो होतो, मग विचारलं तर मोपा विमानतळाच्या फेऱ्यांमुळे त्याला रात्रीच वेळ मिळायचा. त्याला ओपीडीचा शेवटचा नंबर कायमचा दिला. आता येतो.

नोंद कुठे आणि किती ठेवायची?

केसपेपरवरच. आला नाही, कितीला फोन केला, कोण बोललं, काय ठरलं, फोन करणाऱ्याची सही. "उचलला नाही" हे पण लिहायचं. आम्ही तीन प्रयत्न करतो वेगवेगळ्या वेळी, नंतर गंभीर केस असेल तर घरच्या पत्त्यावर पत्र. केसपेपर निदान तीन वर्षं तरी ठेवा, आम्ही त्याहून जास्त ठेवतो. पेशंटबद्दल वाईट शेरा लिहू नका, तो कागद उद्या तोच वाचेल.

डॉक्टरच येऊ शकले नाहीत तर?

तर मेसेज नाही, प्रत्येकाला फोन, लांबून येणाऱ्यांना सगळ्यात आधी, ते घरातून निघायच्या आत. जो निघालाच असेल त्याला माफी मागून पुढच्या वेळी पहिला नंबर. आणि त्याच्या नावापुढे आ.